मदत हवी आहे: तुळापूरजवळ नदीकाठचा जिओकॅश सापडत नाहीये

जिओकॅश म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेली डबी; दिलेल्या अक्षांश-रेखांशावरून, जीपीएसच्या मदतीने ती शोधायची असते. तीच शोधायला रविवारी सकाळी पुण्याहून तुळापूरला गेलो होतो. संगमाच्या अलीकडे, भीमेच्या काठाने जेमतेम अर्ध्या तासाची चाल. धुकं विरल्यावर शोधायला लागलो. मोबाईलचा बाण एका जुन्या वडापाशी येतो आणि दहा-बारा मीटर इकडेतिकडे सरकत राहतो. पारंब्यांमागे, ढोलीत, मुळांच्या बेचक्यात हात घालून पाहिलं. हाती आली फक्त ओली माती आणि गोगलगायीचा शंख. अक्षांश-रेखांश दोनदा तपासलेत. 'पाण्याकडे पाठ' एवढीच खूण दिली आहे. सोबत आठ वर्षांची लेक असते, त्यामुळे निसरड्या काठावर उतरायचं नाही. झाडालाही इजा करायची नाही. दाट फांद्यांखाली जीपीएस भरकटतं, हे कळतंय. मग मोकळ्यावरून दिशा-अंतर धरून आत यावं, की वडाखालीच थांबून बरीच रीडिंग घेऊन सरासरी काढावी?