दशावताराचं (कोकणातल्या जत्रांतलं लोकनाट्य) दस्तऐवजीकरण सार्वजनिक संग्रहासाठी करायचंय, निधी कुठून मागावा?

वेंगुर्ला_बंदर:
आमचं मंडळ संस्था नोंदणीचा १८६० चा आणि सार्वजनिक न्यासांचा १९५० चा, या दोन्ही कायद्यांखाली नोंदलेलं आहे, दोन वर्षं झाली. १२ए (संस्थेला आयकरात सूट), ८०जी (देणगीदाराला सूट) काढलेलं नाही. यंदाच्या जत्रांतली आठ रात्रींची नाटकं आणि जुन्या कलाकारांच्या वीस मुलाखती रेकॉर्ड करून कुणालाही ऐकता येतील अशा ठिकाणी ठेवायच्या आहेत. अंदाजपत्रक सहा लाखांचं. त्यातले साडेतीन लाख कॅमेरे आणि माइकचे. सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी) मिळेल का? परदेशी संस्था चालतील का?

दप्तरदार:
सीएसआर यंदा सोडा. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला बसते, पण कंपनी तुमच्याकडे १२ए, ८०जी, सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा मागणार. १२ए-८०जीचा अर्ज मात्र आजच टाका, दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांकही काढून ठेवा.

परदेशी पैसा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. मुंबईच्या मोठ्या संस्थेने निधी घ्यायचा आणि तुम्हाला वळता करायचा, ही जुनी वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद केली.

तुम्हाला जुळणारी म्हणजे संस्कृती मंत्रालयाची २०१३ सालची अमूर्त वारशाची योजना, संगीत नाटक अकादमीमार्फत राबवलेली. जाहिरात निघेल तेव्हाच अर्ज, म्हणून कागद तयार ठेवा. मंत्रालयाची फेलोशिपही आहे: दोन वर्षं, कनिष्ठ दरमहा १० हजार, वरिष्ठ २० हजार. ती एका व्यक्तीच्या नावे असते, मंडळाच्या नाही.

अडतं ते तारखांवर. जत्रा कार्तिकात सुरू होतात, शिमगा बऱ्याचदा मार्चमध्ये, आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे जीएफआर १२-ए, दिल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. म्हणून पहिल्या हप्त्यात सगळं रेकॉर्डिंग आणि दुसऱ्यात लेखन-सूची अशी विभागणी अर्जातच करा. उलट केलंत तर हप्ता हातात पडेपर्यंत जत्रा उलगून गेलेल्या असतात.

पायपेटी:
सहा लाखांत साडेतीन यंत्रांवर? असं अंदाजपत्रक बघून कुठलाही छाननी करणारा कपाळाला हात लावेल. कॅमेरे भाड्याने आणा. आपल्या दमट हवेत विकत घेतलेल्या भिंगांना पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरते.

खरा खर्च उतरवून घेण्यात आहे. दीड तासाची एक, अशा वीस मुलाखती म्हणजे ३० तास. मालवणी बोली नीट लिहायला तासाला सहा-सात तास धरा, झाले दोनशे. नाटकाला तर लिखित संहिताच नसते, संवाद उभ्या उभ्या रचले जातात. तेव्हा तुम्ही उतरवाल तीच संहिता. हे काम फुकट करून घ्यायचं ठरवलंत तर डिस्क कपाटात पडून राहते.

साठवण: आठ रात्री, रात्रीला सहा तास, म्हणजे ४८ तास. ५० एमबीपीएसने एक कॅमेरा तासाला साडेबावीस जीबी खातो, दोन कॅमेऱ्यांचे सव्वादोन टीबीच्या आत. ४ टीबीच्या तीन डिस्क घ्या, एक गावाबाहेर ठेवा. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्हीमध्ये: स्टिरिओला तासाला जेमतेम एक जीबी. एमपी३वर भागवू नका.

माइक झांजेच्या बाजूला कधीच नको, ती पखवाज आणि शब्द दोन्ही खाते. मिक्सरमधून एक लाइन घ्या आणि मंचासमोर वेगळी जोडी लावा. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, राक्षसपार्टी (राक्षसाचं सोंग घेणारा नट) मंचावर शिरताना आरडाओरडा होतोच. जनरेटरची घरघर लाइनमध्ये येते का, ते नाटकाआधी हेडफोन लावून ऐका.

आणि आख्यानाच्या, म्हणजे मुख्य कथेच्या मोहात आडदसर, म्हणजे आधीचा पूर्वरंग वगळू नका. गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर हा भागच आता आटोपता घेतला जातो. आख्यानं लोक मोबाइलवर घेतातच.

वेंगुर्ला_बंदर:
यंत्रांचा आकडा सव्वा लाखावर आणतो. परवानगी दशावतारी नाटक कंपनीच्या मालकाची घेतली की पुरे ना?

सडा_आणि_कातळ:
नाही पुरत. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३८ प्रमाणे सादरकर्त्याचा हक्क ज्याचा त्याचा असतो, ५० वर्षं. पखवाजी, झांजवाला, पेटीवाला, सगळ्यांच्या सह्या लागतात. फॉर्म एक पानी, मराठीत आणि वाचून दाखवलेला हवा. त्यात तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: जपून ठेवू का, नेटवर टाकू का, नाव लावू का. मानधनाची पावती वेगळ्या कागदावर, नाहीतर सही पैशाची की संमतीची असा वाद उभा राहतो. पेटाऱ्याची पूजा, देवापुढचं गाऱ्हाणं, अवसार (अंगात येणं) यांना मानकऱ्यांचा होकार लागतो. ते नको म्हणाले तर कॅमेरा बंद.

कुठे ठेवायचं तेही अर्जात लिहा, आणि 'यूट्यूब' असं लिहू नका, तो संग्रह नव्हे. सिनेमाच्या चालीवरचं एखादं पद असलं तरी तिथे हक्काचा दावा लागू शकतो. विकिमीडिया कॉमन्स 'व्यापारी वापर नको' अशी अट मान्य करत नाही आणि व्हिडिओ एमपी४मध्ये घेत नाही, वेबएम करून द्यावा लागतो. बंधनं घालायची असतील तर १९८२ पासून चालू असलेलं गुरुग्रामचं आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी बघा. तिथे ठेव देणारा ऐकण्याच्या अटी घालू शकतो. त्यांना आधी पत्र लिहा, त्यांचं होकाराचं उत्तर अर्जाला जोडा. एक प्रत तालुक्याच्या वाचनालयातही द्या, सूचीसकट.