मिठाच्या पोत्यांचे १९९ रुपये: डी अँड डीच्या नियमांवर लिहिलेलं विकावं का?

अंधारी_डीएम (छत्रपती संभाजीनगर)
मंडळी, दोन वर्षं दर रविवारी आम्ही पाच जण माझ्या खोलीवर डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) खेळतो, म्हणजे एक जण, डीएम, गोष्ट चालवतो अन् बाकीचे त्यातली पात्रं होऊन फासे टाकतात. त्यातूनच मराठीत एक साहसकथा लिहून झाली आहे, ४० पानं. साल १२९६, देवगिरीला अल्लाउद्दीनाचा वेढा, खेळाडू गडावर अडकलेले. कोठारात धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, ही आख्यायिका तुम्हाला ठाऊक असेलच. माझ्या खेळात वीस बाजूंच्या फाशावर १५ च्या वर पडलं तर पोतं उचलतानाच वजनावरून शंका येते. नाही पडलं, तर चुलीवर आधण उकळायला लागल्यावरच कळतं.
पीडीएफ १९९ रुपयांना ठेवायची म्हणतोय. एक मित्र म्हणतो, नियम खेळाच्या मालक कंपनीचे (विझार्ड्स ऑफ द कोस्ट) अन् पैसे तुला कसे?

बांधावरचा_वेताळ (परभणी)
मित्र बरोबर म्हणतोय. ही बटई आहे भाऊ, रान त्यांचं. २००० साली कंपनीनं ओजीएल नावाचं लायसन काढलं, म्हणजे 'आमचे नियम वापरा, तुमची पुस्तकं विका'. लोकांनी त्यावर संसार उभे केले. अन् जानेवारी २०२३ मध्ये नव्या लायसनचा मसुदा फुटला: जुना करार रद्द, वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर २५ टक्के द्या. पीक उभं असताना मालक बांधावर येऊन वाटा बदलतो, तसलं. फुकट वाट, सुखानं झोप.

काळा_कोट (लातूर)
वेताळराव, गोष्ट अर्धीच सांगितली. खेळणारे इतके भडकले की त्याच महिन्यात, २७ जानेवारीला, कंपनीनं नियमांचा गाभा (एसआरडी ५.१) क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे सगळ्यांना वापरायला खुल्या लायसनखाली, सोडून दिला. सीसी बाय ४.०. ते परत घेता येत नाही, आणि विकायलाही मोकळीक. अट एवढीच की श्रेयाची ओळ छापायची. 'फिफ्थ एडिशनशी (खेळाच्या पाचव्या आवृत्तीशी) सुसंगत' असं लिही, त्यांचा लोगो मुखपृष्ठावर नको.
शिवाय फासा टाकून बेरीज करायची, ही कल्पना. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, आपल्या सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात ते स्पष्ट केलंय. शब्द मात्र ज्याचे त्याचे. राक्षस कोणते घेतलेस?

अंधारी_डीएम
खंदकात एक बिहोल्डर आहे.

काळा_कोट
काढ. बिहोल्डर त्या गाभ्यात नाही, तो कंपनीनं स्वतःकडे ठेवलाय. देवगिरीच्या खंदकात त्याचं काय काम, हा तर वेगळाच प्रश्न.

बांधावरचा_वेताळ
कायद्याचं मान्य. पण मराठीतून हा खेळ खेळणारे आहेत किती? माझ्या गावात मीच डीएम, अन् खेळाडू म्हणून दोन चुलतभाऊ. १९९ लावलेस की एक जण घेणार अन् बाकीचे त्याच्याकडून टेलिग्रामवर. आधी लोक खेळू देत. मिठाची गोष्ट तरी तुझी कुठंय? गडावरचा गाइडसुद्धा सांगतो.

परडीवाली (तुळजापूर)
गाइड पैसे घेतो ना पण! आमच्याकडं गोंधळी तरी फुकट येतो का? कथा आईची, संबळ त्याचं, अन् सुपारी दिल्याशिवाय गोंधळ उभा राहत नाही. त्याला कुणी विचारत नाही की कथा तुझी कुठंय. पीडीएफ म्हटलं की सगळ्यांना समाजसेवा आठवते.
मला वेगळंच विचारायचंय. नकाशे कुणी काढले?

अंधारी_डीएम
मावसबहिणीनं. तीन नकाशे, अंधारीच्या, म्हणजे गडावरच्या त्या अंधाऱ्या भुयारी वाटेच्या, वळणांसकट. तिला पैसे वगैरे दिले नाहीत, घरचंच आहे.

परडीवाली
झालं! परक्या कंपनीची एवढी धास्ती, अन् घरच्या पोरीला विचारलंसुद्धा नाही.

काळा_कोट
ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. पैसे न देता काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट काढणारीकडेच राहतो. हक्क घ्यायचे तर लेखी लागतं, तिच्या सहीनं. अन् मुदत लिहिली नाहीस तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे ती पाचच वर्षं धरतात. चार ओळींचा कागद कर.

बांधावरचा_वेताळ
बघा, मालक बांधावर आलाच, अन् निघाली मावसबहीण.

अंधारी_डीएम
आत्ताच फोन झाला. तिला प्रत्येक प्रतीमागं ६० रुपये पायजेत अन् मुखपृष्ठावर नाव. मी ४० म्हणतोय. बिहोल्डर काढून वटवाघळं टाकली आहेत, अंधारीत तशीही ती खरोखरच असतात.
वेताळभाऊ, पहिली आठ पानं फुकट ठेवतोय. चुलतभावांसोबत खेळून पाहा, मीठ कुणाला आधी कळतंय ते सांगा.