मदत हवी आहे: आईचे दात काढायचे आहेत आणि ती 'नको' म्हणते. सही कुणी करायची?

नमस्कार मंडळी. आई ७६ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. सकाळी चहा झाला की बरीच भानावर असते, दिवेलागणीला मात्र माहेरी जायचं म्हणून पिशवी भरायला लागते.

दोन महिने झाले, भाकरी दुधात कुस्करून दिली तरी एकाच बाजूने चावते, पदराचा बोळा गालाला लावून बसते. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खालचे दोन दात हलताहेत, हिरडीत पू आहे, तेवढे काढावे लागतील. पण ते म्हणतात, खालचे उरलेले सहाही आत्ताच काढू आणि कवळी बसवू, म्हणजे सारखं आणायला नको. हे सगळं आईच्या डोक्यावरून माझ्याशी चाललं होतं. संमतीपत्र इंग्रजीत, आणि ते आलं माझ्यापुढे. खुर्चीतून आई म्हणाली, "मला विचारा की. दात माझे आहेत."

पाचच मिनिटांनी तिने मला विचारलं, "आपण कुणाकडे आलोय गं?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

सही न करता तिला घरी आणलं. दादाचा फोनवर एकच घोषा, तिला काय कळतंय, सही कर आणि मोकळी हो. मला रात्री झोप लागत नाही. तिच्या 'नको'ला काही किंमत आहे की नाही? मुलगी म्हणून माझी सही चालते का? आणि दात ठेवल्यामुळे दुखणं वाढलं तर?

प्रतिसाद (निवृत्त दंतवैद्य):
ताई, आधी तातडीचं. ताप आला, सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा. जीव धोक्यात असताना उपचार सहीसाठी अडत नाहीत.

तसं नसेल तर वेळ आहे. निदान झालं म्हणून माणसाला काहीच ठरवता येत नाही, असं नसतं. आईंना कवळीच्या खर्चाचा हिशेब जमणार नाही, पण 'हा दुखणारा दात काढू का' हे कळू शकतं. संध्याकाळी न जमलेलं सकाळी जमतं. चष्मा लावा, आरशात एकेक दात दाखवा आणि त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा: काय करणार, कशासाठी, नाही केलं तर काय होईल. नंतर विसरल्या म्हणून तेव्हा घेतलेला निर्णय खोटा ठरत नाही.

सहीबद्दल २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली निकाल बघा. ४४ वर्षांच्या पेशंटला तपासणीसाठी भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईच्या संमतीवर तिचं गर्भाशय काढलं. तातडी नव्हती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, म्हणून न्यायालयाने ती संमती मानली नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मानसिक उपचारांपुरता आहे, पण त्यातलं एक तत्त्व इथेही धरून चालावं: निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्या माणसाला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही.

आईंना खरंच उमगत नसेल, तर भानावर असताना त्यांनी काय निवडलं असतं हे घरच्यांनी डॉक्टरांसोबत बसून ठरवावं, आणि कमीत कमी काढावं. स्मृतिभ्रंशात नव्या कवळीची सवय होणं फार अवघड जातं. घट्ट दात हात न लावता राहू द्या, असं माझं स्पष्ट मत.

धागाकर्ती:
डॉक्टर, मनापासून आभार. आज सकाळी नऊ वाजता अंगणात आरसा हातात देऊन विचारलं. हलणाऱ्या दातांना तिने आधी जीभ लावून बघितली. मग म्हणाली, "हे दोन काढा, ठणकतात. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" तासाभराने पुन्हा विचारलं, तेच उत्तर. वहीत तारीख घालून तिचे शब्द लिहिले आणि खाली तिने स्वतः सही केली, प्रगतिपुस्तकावर करायची तशीच, शेवटी रेघ ओढून. दादाला फोटो पाठवलाय, अजून उत्तर नाही.

कोल्हापुरात सकाळची वेळ देणारे आणि आधी तिच्याशी बोलणारे दंतवैद्य कुणाला माहीत असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप करा.