४६ च्या ग्लो इंजिनाला प्रॉप कोणता लावू? शिकाऊ विमान आहे

कांजूरचा_घार:
नमस्कार मंडळी. रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानासाठी ४६ साइजचं (०.४६ घन इंच) नवंकोरं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन आणि हाय-विंग ट्रेनर (पंख वर असलेलं शिकाऊ विमान) हाती आलंय, प्रॉप (प्रोपेलर) नाही. दुकानात १०×७ सुचवला, विमान जास्त पळेल म्हणून. काहीजण ११×५ म्हणतात. उडवायला कर्जतच्या बाजूला जाणार, शेतातली गवताळ पट्टी आहे. काय घेऊ?

नीडलवाले_काका:
शिकताय ना? मग ११×५ घ्या. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेरीत प्रॉप कागदोपत्री किती इंच पुढे जाईल ते. मिनिटाला १२,००० फेऱ्या धरल्या तर ५ पिचला ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतात, ७ ला १२८. जाड पंखाचं ट्रेनर तेवढं पळतच नाही, इंजिनावर ओझं मात्र पडतं. उलट मोठा व्यास गवतातून विमान झटक्यात ओढून काढतो, आणि उतरताना थ्रॉटल बंद केला की कमी पिचचा प्रॉप ब्रेकसारखा काम करतो. नवशिक्याला हेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. इंजिनाची पुस्तिका मात्र आधी वाचा. रन-इनला (नवं इंजिन रुळवताना) कोणता प्रॉप, मिश्रण किती रिच (इंधन जास्त), हे तीच सांगेल.

मुलुंडकर_सुतार:
काका, पूर्ण सहमत नाही. नोज गिअर (पुढच्या चाकाचा पाय) आखूड असेल तर ११ इंची प्रॉप गवतात घासेल. विमान सपाट जागेवर ठेवून अंतर मोजा. कमी वाटलं तर १०×६, त्यानेही ट्रेनर छान उडतं.

आणि कोणताही आणा, बॅलन्सरवर ठेवून बघाच. जड पात्याच्या पाठीवर पॉलिश पेपर मारायचा, टोक कापायचं नाही. असमतोल प्रॉपने विमानभर थरथर होते, टाकीतल्या इंधनाला फेस येतो आणि मग नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) काही केल्या जुळत नाही. नायलॉनच्या कडा धारदार असतात, त्याही हलकेच मोडा. लाकडी घेतलात तर पावसाळी हवेत लाकूड फुगतं-बसतं, दर वेळी नट आवळा. इलेक्ट्रिक मोटरसाठीचे, ‘ई’ छापलेले, ग्लोवर अजिबात नकोत. त्या धक्क्यांसाठी ते बनलेलेच नाहीत.

कांजूरचा_घार:
अंतर मोजलं, ११ आरामात बसतोय. दोन ११×५ आणि एक १०×६ घेतो. आपटून बारीक चीर गेली तर फेविक्विक चालेल का?

नीडलवाले_काका:
नाही! चीर दिसली की दोन तुकडे करून कचऱ्यात, म्हणजे चुकूनही कुणी परत लावणार नाही. ११ इंची पात्याचं टोक त्या फेऱ्यांना सेकंदाला १७५ मीटरने फिरतं. स्टार्टर किंवा काठी वापरा, बोट नको. इंजिन चालू झालं की मागे जाऊन नीडल फिरवा, आणि पात्यांच्या रेषेत, बाजूला, कुणालाही उभं राहू देऊ नका. पोरं हटकून तिथेच येतात.

निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर जागेचा झोनही बघा, म्हणजे तिथे उडवता येतं का ते कळेल.