फारसी 'ख्वाहर'ची व्युत्पत्ती: कोणता कोश घ्यावा?

पर्शियनपाटी: फारसी शिकतेय. बहिणीला 'ख्वाहर' लिहितात, वाचतात मात्र 'खाहर'. संस्कृत 'स्वसृ'शी त्याचं नातं आहे एवढं कळलं, पण मधले टप्पे नीट समजून घ्यायचेत. जर्मन येत नाही, इंग्रजी चालेल. कोणता कोश घेऊ?

जुनाकोश: आधी मॅकेन्झीचा पहलवी (म्हणजे आजच्या फारसीआधीची मधली फारसी) कोश (१९७१) घ्या. छोटेखानी आहे, इंग्रजीत आहे. व्युत्पत्ती देत नाही, पण मधला टप्पा हाती लागतो. एकदम फारसी आणि संस्कृत शेजारी ठेवून बघू नका, दुवे निसटतात. आणि 'ख्वाहर'मधला तो न वाचला जाणारा 'वाव' ('व'चं अक्षर) फुकटचा नाही बरं का! पूर्वी 'ख्व' असाच उच्चार होता. पुढे बोलण्यातून 'व' गळला, लिहिण्यात राहिला.

पर्शियनपाटी: चाळला. पण त्यात 'ख्वह' आणि 'ख्वहर' दोन्ही दिसतात. खरं कुठलं?

अवेस्ताअभ्यासू: दोन्ही खरी, आणि इथेच खरी गंमत आहे. संस्कृतात प्रथमा 'स्वसा', द्वितीया 'स्वसारम्'. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथाच्या प्राचीन इराणी भाषेत, तेच 'ख्वङ्ह' आणि 'ख्वङ्हरेम्'. प्रथमेतून 'ख्वह' आलं, द्वितीयेतला 'र' धरून 'ख्वहर'. पिद-पिदर (वडील), माद-मादर (आई), ब्राद-ब्रादर (भाऊ) या पहलवी जोड्याही अशाच. फारसीनं 'र'वालं रूप ठेवलं. कॉकेशसमधल्या ओसेती भाषेत बहीण म्हणजे नुसतं 'खो', ते प्रथमेचं.

'सप्त'चं 'हप्त' होतं तसा इथेही 'स'चा 'ह' झाला, म्हणून मूळ इराणी रूप *ह्वहर् असं मांडतात. चांदणी म्हणजे हे रूप कुठल्याही ग्रंथात मिळालेलं नाही, तुलनेतून काढलंय. चांदणी न देता असली रूपं छापणाऱ्या वेबसाइटवर मी तरी विसंबणार नाही.

बार्थोलोमेचा प्राचीन इराणी कोश (१९०४) जर्मन असला तरी टाळू नका. शब्दाखाली अवेस्तातली स्थळं दिलेली असतात, ती उघडून विभक्ती स्वतः पडताळता येते.

फोर्टवाला: मुंबईत असाल तर फोर्टातल्या कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात चौकशी करा. घरबसल्या हवं असेल तर 'एन्सायक्लोपीडिया इरानिका' फुकट वाचता येतो, ओसेतीसाठी तिथूनच सुरुवात करा. आणि 'खाला' म्हणजे मावशी, ती या घराण्यातली नव्हे. तो शब्द अरबीतून आलाय. 'खाहर'सारखा ऐकू येतो म्हणून पुष्कळ जण तो याच वहीत टिपून ठेवतात.