देवराईच्या आत वटवाघळे खरोखर कमी असतात का?

रानवाट : गेल्या शनिवारी मुळशी तालुक्यातील एका देवराईत आम्ही तिघांनी सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत वटवाघळांची नोंद घेतली. वटवाघळांचे अतिउच्च कंप्रतेचे, माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणारे एक यंत्र आत बेहड्याच्या ढोलीसमोर, तर दुसरे कापणी झालेल्या भातखाचराच्या बांधावर ठेवले होते. बांधावर दोनशेहून अधिक नोंदी झाल्या, आत मात्र जेमतेम नऊ. यावरून दाट झाडीत वटवाघळे कमी आहेत, असे लिहिणे योग्य ठरेल का?

पाकोळी : मुळीच नाही. नोंदींची संख्या म्हणजे वटवाघळांची संख्या नव्हे. एकच वटवाघूळ किडे टिपत बांधावर तासभर घिरट्या घालत असेल, तर यंत्र त्याची प्रत्येक फेरी वेगळी धरते. शिवाय माणसाला ऐकू येते ते साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत, आणि त्यापुढचा आवाज हवेत लवकर विरतो, पानांच्या गर्दीत तर फारच लवकर, त्यामुळे आतल्या यंत्राचा पल्ला थोड्या मीटरांवर येतो. त्यातही मेगाडर्मॅटिडी कुळातील मोठ्या कानांचे वटवाघूळ मुळातच अगदी हळू आवाज काढते आणि पुष्कळदा भक्ष्याच्या सळसळीवरच विसंबते. ते डोक्यावरून गेले तरी यंत्र गप्प राहू शकते. ते भक्ष्य ठरलेल्या जागी लटकून खाते, म्हणून ढोलीखाली पतंगांचे पंख किंवा बेडकांचे पाय पडले होते का, ते सांगा.

सह्यकडा : बांधावरच्या ध्वनिफिती वेग कमी करून ऐकूनही पाहा, कारण काही रातकिड्यांची किरकिर २० किलोहर्ट्झच्या वर जाते आणि यंत्र तीही मुकाट्याने साठवते. सावकाश टकटक, मग ती जलद होत होत शेवटी ‘टर्र’, असे ऐकू आले तर वटवाघूळ किड्यावर झेपावले असे समजावे. पुढच्या वेळी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी ढोलीसमोर बसून बाहेर पडणारी मोजा, आत शिरणारी वजा करा. जाळे मात्र वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय लावू नका, आणि जमिनीवर पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका. महाबळेश्वरच्या गुहेत २०२० साली घेतलेल्या नमुन्यांत निपाह विषाणूची प्रतिपिंडे आढळली होती, शिवाय रेबीजची भीती आहेच.

रानवाट : ढोलीखाली पतंगांचे बरेच पंख होते. बसायला जागा हवी म्हणून अंधार पडण्यापूर्वी मीच ते पाचोळ्याबरोबर झाडून टाकले.