हाँगकाँग सेंट्रल: दुपारच्या एका तासात चांगलं कँटोनीज जेवण

सेंट्रलमधली बरीच ऑफिसं १ वाजता जेवायला सुटतात आणि पाच मिनिटांत वेलिंग्टन स्ट्रीटवर रांगा लागतात. इथे नव्याने रुजू झालेल्या मराठी मंडळींसाठी हा धागा. काय मागवायचं, किती वाजता, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहूया. सुरुवात करते.

एकट्याने वीस मिनिटांत जेवायचं असेल तर सिउ मेइ, म्हणजे काचेमागे आकड्यांना टांगलेलं भाजलेलं मांस. दोन प्रकार हवेत तर ‘सेउंग पिंग फान’ म्हणा. चार सिउ (गोडसर लेप लावून भाजलेलं डुकराचं मांस) ‘पुन फेइ साउ’ मागा, म्हणजे थोडी चरबी येते. नुसते बिनचरबीचे तुकडे आकड्यावर टांगून टांगून चामट होतात. पांढरी कोंबडी उकळीच्या जरा खालच्या पाण्यात मुरवलेली असते, म्हणून हाडाजवळ लालसर दिसते. ती कच्ची नाही, आलं आणि कांद्याच्या पातीच्या तेलासोबत खा. भाजलेला हंस हवा असेल तर स्टॅनली स्ट्रीटवरचं ‘यात लोक’ हे दुकान. १२ ला पोचलात तर बरं.

* * *

पार्सलबद्दल भर घालतो. सिउ युकची, म्हणजे डुकराच्या पोटाच्या मांसाची, कुरकुरीत साल डब्यातल्या वाफेने दहा मिनिटांत मऊ पडते. भात वेगळा, मांस वेगळं आणि रस्सा वेगळा मागा, आणि झाकण किंचित उघडं ठेवून न्या. पार्सलला ‘हांग काइ’ म्हणतात.

* * *

वॉन्टन (पातळ पारीत सारण भरलेल्या पुरचुंड्या) आणि नूडल्स घातलेल्या रश्शावर, म्हणजे वॉन्टन नूडल्सवर, सविस्तर लिहिते, कारण नवीन लोकांची निराशा इथेच जास्त होते.

वाडगा लहान येतो आणि लोकांना वाटतं फसवलं. पण या नूडल्स बदकाच्या अंड्यात आणि क्षाराच्या पाण्यात मळलेल्या, अगदी बारीक असतात. काही सेकंद उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, पुन्हा गरम पाण्यात आणि लगेच वाडग्यात. रश्शात जास्त वेळ राहिल्या की फुगून लिबलिबीत होतात. म्हणूनच माप लहान, आणि म्हणूनच चांगल्या दुकानात तळाशी चमचा, त्यावर वॉन्टन आणि सगळ्यात वर नूडल्स ठेवतात. आधी नूडल्स संपवा, फोटो नंतर. क्षाराचा वास जाणवला तर लाल व्हिनेगरचे दोन थेंब नूडल्सवर टाका, रश्शात नको. रश्शाला सुकवलेल्या चपट्या माशाची चव हवी. ती नसून नुसता खारट लागला तर ते दुकान सोडा.

वेलिंग्टन स्ट्रीटवर ७७ नंबरला माक्स नूडल आहे. त्याच रस्त्यावरच्या त्सिम चाइ कीचे वॉन्टन आकाराने मोठे. पोट भरायचं असेल तर दुसरं, नूडल्सची जात समजून घ्यायची असेल तर पहिलं. ‘लो मिन’ मागवलंत तर रस्सा वेगळ्या वाटीत येतो. सावकाश जेवणाऱ्याने तेच घ्यावं.

* * *

डिम सम, म्हणजे चहासोबत खायचे छोटे छोटे पदार्थ, एका तासात बसवायचं तर चार जण हवेत, आणि एकाने १२.३० लाच टेबल धरायला हवं. ऑर्डरच्या कागदावर खुणा करून लगेच द्या. हा गाउ (कोळंबी भरलेली वाफवलेली पुरचुंडी) आणि चेउंग फन (तांदळाच्या पिठाची मऊ गुंडाळी) आधी खा: गार झाले की हा गाउचं आवरण चिकटतं आणि फाटतं, चेउंग फन घट्ट होतं. सिउ माइ (डुकराचं मांस आणि कोळंबीची उघड्या तोंडाची पुरचुंडी) थांबू शकतं. चहाचे माणशी पैसे आणि वर १०% सेवाशुल्क बहुतेक ठिकाणी लागतं, हिशेबात धरा. किटलीत पाणी हवं तर झाकण तिरकं ठेवा. सिटी हॉलमधल्या मॅक्सिम्स पॅलेसमध्ये डिम समच्या ढकलगाड्या टेबलांमधून फिरतात, पण ते मोकळ्या दिवसासाठी. १९३३ पासूनचं लुक यू टी हाऊस महाग आहे. पाहुण्यांना न्यावं असं.

* * *

शाकाहारी आणि गोमांस न खाणाऱ्यांसाठी. ‘न्गाउ’ गाय, ‘गाइ’ कोंबडी, ‘हा’ कोळंबी. नुसतं ‘युक’ (मांस) म्हटलं की बहुधा डुकराचंच. वॉन्टनमध्ये कोळंबीबरोबर डुकराचं मांस असू शकतं. ‘लो पाक कोउ’ मुळ्याची वडी म्हणून डोळे मिटून घेऊ नका, आत सुकी कोळंबी आणि सॉसेज असतं. परतलेल्या पालेभाजीवरही कालवांचा सॉस पडतो. ‘न्गो सिक चाइ’, मी शाकाहारी आहे, हे आधी सांगा आणि ‘लो होन चाइ’ मागा: मशरूम, टोफू आणि भाज्यांची मिसळ.

* * *

चा चान तेंगमध्ये, म्हणजे इथल्या साध्या चहा-जेवणाच्या हॉटेलात, ताटासोबत पेय येतं. बर्फाचं घेतलं तर बहुतेक ठिकाणी थोडे डॉलर जास्त. साखर नको तर ‘चाउ तिम’. अनोळखी माणसाशेजारी बसवतील, ती रीतच आहे. जुन्या दुकानांसाठी रोख ठेवा.

* * *

सेंट्रलमधून वरच्या डोंगरउताराच्या वस्तीकडे जाणारे मिड-लेव्हल्सचे सरकते जिने सकाळी १० नंतर फक्त वर जातात. गेज स्ट्रीट, गॉफ स्ट्रीटकडे जेवायला जाताना चढायचे कष्ट वाचतात, पण परत येताना पायऱ्या उतरायच्या असतात. त्याची आठ-दहा मिनिटं २ च्या आत धरा.